वाचलेले उंदीर

अलेक्झांड्रियाच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागाबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर बहीणभाऊ भांडत होते. आत त्यांचे वडील व्हेंटिलेटरवर होते.

"वगदी, तुझ्या औषधानं उंदरांची फुप्फुसं वाचली म्हणून आईनं गल्लीभर रव्याचा गोड बसबूसा वाटला. मग बाबांना का देत नाहीस?"

"नगवा, किती वेळा सांगू! उंदरांना औषध आम्ही आधी देतो, फुप्फुसं नंतर बिघडवतो."

"म्हणजे बाबांनी आजारी पडायच्या आधी तुला विचारायला हवं होतं?"

"डोकं खाऊ नकोस."

"बरं, वाचलेले उंदीर तरी आता धडधाकट आहेत ना?"

"नाहीत. फुप्फुसं तपासायची तर त्यांना मारावंच लागतं."

"मारलेस? वाचवून?"

"अगं, पद्धतच आहे ती!"

"भेटायची वेळ झाली. मी आत जाते. तू इथंच बस, बाबांच्या आसपास फिरकू नकोस."