देवाकडे पाठ

सोमवारची कथा वाचताना मी देवाकडे पाठ काऊन करते, म्हणून हसता ना तुम्ही? ऐका तर मग.

आमचे हे लग्नांचं शूटिंग करायचे. हिंगणघाटच्या एका लग्नात नवरीचे मामा चिडले, "मंगलाष्टकं कुठं आहेत? नुसता जनरेटर ऐकू येऊन राह्यला!" म्हणून यांनी कॅमेऱ्यावर लावायचा वेगळा माईक आणला. माझी कथा आधी कॅमेऱ्यातल्या माईकवर, मग नव्यावर घेतली आणि हेडफोन लावून दोन्ही ऐकलं.

"फसवलं दुकानदारानं. दोन्ही सारखेच!"

मग मी ऐकलं. पहिल्यात कूलरच्या घरघरीत माझा आवाज बुडालेला, नव्यात शब्द न् शब्द स्वच्छ.

देवापुढचं निरांजन सारत मी म्हटलं, "अहो, केवढा फरक आहे!" उत्तर नाही. वळून पुन्हा म्हटलं, तर माझ्या ओठांकडे पाहत म्हणाले, "हो का? मले तर नाई वाटला."

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं डीजेपुढे उभं राहून कान गेले, आता परत यायचे नाहीत. शूटिंग सुटलं.

व्रत मी सोडलं नाही. यांच्याकडे तोंड करून सावकाश वाचते. महादेवाला काय, पाठीमागूनही ऐकू येतं.