अक्कांचा सवाल, हिचा जवाब

कॉम्प्युटर कधी चुकत नाही, असं माझी मुलगी सुनंदा म्हणते. ऐका मग.

माझी बायको गेली, त्याला बरीच वर्षं झाली. तिचा आवाज एकाच कॅसेटमध्ये आहे. कानबाईच्या उत्सवात तिने आणि तिच्या मोठ्या बहिणीने म्हटलेलं सवाल-जवाबाचं गाणं. दोघींपुढे एकेक माईक ठेवून, एकीचा आवाज डाव्या बाजूला आणि दुसरीचा उजव्या, असं मीच ते टेप केलं होतं. फीत खराब होण्याआधी ते कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं ठरलं. ऐकायला अक्का, म्हणजे तीच बहीण, पिंपळनेरहून पहूरला आल्या.

सुनंदाने गाणं भरून घेतलं आणि लावलं. अक्कांचा सवाल खणखणीत आला. जवाबाच्या जागी नुसती खरखर.

सुनंदा हळूच म्हणाली, "आबा, आईची बाजू पुसली गेली वाटतं."

अक्का मात्र भडकल्या. "मनी बहीण जवाब न देता राही का? तुनं मशीन बहिरं शे!"

मी टेपमधून कॉम्प्युटरला जाणारी वायर उपटली आणि नुसता टेप लावला. दोघींचे आवाज आले. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

सुनंदाने कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं आणि जीभ चावली. वायर माईकच्या भोकात घातली होती, आणि ते एकाच बाजूचा आवाज घेतं. तिने ती शेजारच्या भोकात घालून गाणं पुन्हा भरलं.

अक्कांचा सवाल आला, "बाई, तुना धनी कसा शे?"

लगेच हिचा जवाब, "बोलस कमी, डोया वटारस!"

सुनंदा खो खो हसली. मी डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं.

अक्का म्हणाल्या, "देख, अजून वटारस!"