लाल रंग कशाचा

संग्रहालयाच्या प्रयोगशाळेबाहेर माझ्या शेजारी एक म्हातारे रंगारी बसले होते. त्यांची सून रिपोर्ट घेऊन बाहेर आली आणि त्यांच्याजवळ टेकली.

"बाबा, तुमच्या वडिलांनी रंगवलेल्या शालीतला लाल रंग कळला."

"मंजिष्ठाच ना? तिची मुळं उकळून उकळून मी म्हातारा झालो, पण तो लाल काही साधला नाही. माझ्या हाताला गुणच नाही."

"मंजिष्ठा नाहीच, बाबा. लाख आहे. झाडावरच्या किड्यांची."

"काहीतरीच! एवढ्याशा धाग्यावरून कसं कळतं यांना?"

"धाग्यातला रंग काढून यंत्रात तपासला. प्रत्येक रंगाची खूण वेगळी असते म्हणे. मी पुन्हा पुन्हा विचारलं."

"म्हणजे माझा हात..."

"हात चुकला नव्हता, बाबा. मूळ वस्तूच दुसरी होती."

"वडील गेले तेव्हा मी लहान होतो गं. विचारायचं राहूनच गेलं."

"आता आपण करून बघू या की."

"हात थरथरतात माझे."

"ढवळीन मी. रंग नीट चढला की नाही, ते तुम्ही सांगा."

"मग बसलीस काय? ऊठ! दुकान बंद व्हायच्या आत लाख घेऊ."