जरा कमी मामा

…आणि वर ती बाई मलाच म्हणते, "मिस्टर बोआडू, तुम्ही जरा कमी मामा व्हा."

म्हणजे काय, मी विचारलं. मामा कमी-जास्त कसा व्हायचा? भाजीतलं मीठ आहे का मी? मी इंग्लंडात, हल शहरात बस चालवतो, वीस वर्षं होत आली, इथे मला कुणी कमी ड्रायव्हर व्हा म्हणालं नाही. आणि ही, मिसेस हार्ग्रीव्ह, व्हिसाच्या कामातली वकील, चष्म्यावरून बघत शांतपणे सांगते की तुमच्या भाचीला आईजवळ आणायचं असेल तर तुमचं प्रेम जरा आवरा. बरं, बाई वाईट नाही. नियमही वाईट नाही. तुम्हाला सांगतो, नियम अगदी चांगला आहे, तीच तर पंचाईत आहे.

माझी धाकटी बहीण, डॉर्कस. इथल्या इस्पितळात नर्स, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. मायदेशातून, कुमासीहून आली ती नोकरीच्या व्हिसावर, रीतसर. तेव्हा तिची मुलगी सेरवा लहान होती. ठरलं असं की आधी डॉर्कस येईल, बस्तान बसवेल, मग नवरा आणि मुलगी मागून येतील. नवरा म्हणजे फ्रिम्पाँग. त्याचं सुआमेच्या बाजारात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आता हे बस्तान बसेपर्यंत काय झालं, तर फोनवरचा संसार… कधी रेंज नाही, कधी वेळ नाही, कधी बोलायला काही नाही. मोडला. भांडण नाही, तंटा नाही, भिजलेल्या साबणासारखा विरघळून गेला. सेरवा आमच्या आईकडे राहिली. डॉर्कस म्हणायची, शाळा मध्येच नको तोडायला, बारावी होऊ दे. आणि बारावी होता होता लक्षात आलं की पोरगी अठराची व्हायला आली. अठरा पूर्ण झाले की झालं. मग ती लेकरू नाही, मग तिला आईच्या व्हिसावर येता येत नाही.

तर आम्ही अर्ज केला. आणि नियम असा की आईबाप दोघंही इथे असतील तर प्रश्न नाही. पण आई इथे आणि बाप तिकडे असेल, तर आईने दाखवायचं की मुलीची सगळी जबाबदारी माझी एकटीची आहे. का? तर उद्या कुणी बापाच्या हातून पोर पळवून आणू नये म्हणून. आता सांगा, यात चूक काय? नियम चांगलाच आहे.

पण आमच्याकडे पोर वाढवणं हे एकट्याचं काम कधी होतं हो? आमच्यात मूल आईच्या घराण्याचं. बाप नाव देतो, नावात त्याचा जीव असतो. आणि बाकी सगळं, शाळा, लग्न, जमीन, कानउघाडणी, ते मामाकडे. म्हणून काय केलं आम्ही? डॉर्कस म्हणाली, "सगळ्यांनी दोन दोन ओळी लिहून द्या, म्हणजे व्हिसावाल्यांना बरं वाटेल, पोरीच्या मागे केवढी माणसं आहेत." आईने लिहिलं, ही पोर मी वाढवली, माझ्या अंथरुणात वाढली. फ्रिम्पाँगने लिहिलं, मी तिचा जन्मदाता, माझ्या परवानगीशिवाय पान हलत नाही, आणि मी परवानगी देत आहे. आणि मी… मी लिहिलं, तिची शाळा मी निवडली. चांगल्या कागदावर, इस्त्रीचा शर्ट घालून बसून लिहिलं.

अर्ज नामंजूर.

कारण वाचून दाखवताना डॉर्कसचा आवाज असा झाला, जसा ती पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना करत असेल. "दादा, ते म्हणतात, या मुलीची जबाबदारी घेणारे इतके लोक आहेत, की आई एकटी जबाबदार आहे असं म्हणता येत नाही."

म्हणजे तुम्हाला सांगतो, पोरीवर प्रेम करणारं कुणीच नसतं तर ती तेव्हाच आली असती.

मग मिसेस हार्ग्रीव्ह. तिने सगळं वाचलं, चहा घेतला, आणि डॉर्कसला एकच प्रश्न विचारला, "खरं काय आहे? ठरवतं कोण?" तिच्या आधी मीच बोलायला तोंड उघडलं, तेव्हा वकीलबाई म्हणाली ते कमी मामा वगैरे. मग डॉर्कस हळूहळू बोलायला लागली. शाळा मी निवडली म्हणालो ना? खरं म्हणजे तीन शाळांची नावं मी सांगितली होती, आणि डॉर्कसने चौथीच निवडली. घरी ट्यूशन लावायची का, चर्चच्या सहलीला पाठवायचं का, कुठला डॉक्टर, केस किती कापायचे, सगळं फोनवर, वॉर्डातल्या धुण्याच्या खोलीत उभी राहून, कारण तिथेच रेंज यायची. आणि एकदा सेरवाचं पोट दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन लगेच करायचं. आई तिथे होती, फ्रिम्पाँगही धावत आला होता. डॉक्टर म्हणाला, सही कोण करतं? दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि डॉर्कसला फोन लावला. तिने हो म्हटलं, मग सही झाली. इकडे ती फोन ठेवून कुणाच्या तरी आजोबांना भरवायला गेली.

मिसेस हार्ग्रीव्ह म्हणाली, "हेच लिहायचं. खोटं एक अक्षर नको. पण ज्यांनी फुशारकी मारली, त्यांनी ती मागे घ्यायची." मी म्हटलं, आणि फ्रिम्पाँग तिला भेटायला जायचा, गारीचा रवा आणि शितोच्या तिखट चटणीच्या बरण्या घेऊन जायचा, त्याचं काय? ते लपवायचं? ती म्हणाली, "अजिबात लपवू नका. प्रेम चालतं. जबाबदारी चालत नाही."

हे वाक्य मी बस चालवताना किती दिवस घोळवत होतो. प्रेम चालतं, जबाबदारी चालत नाही. एका बाईचा थांबा चुकवला त्या नादात.

आईला फोनवर समजावलं. तुम्हाला वाटेल ती चिडली असेल. नाही. शांत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मी काय होते म्हणून लिहायचं? सांगकामी?" डॉर्कस म्हणाली, "आई, तसं नाही, रोजचं तू बघायचीस आणि मोठं मला विचारायचीस, एवढंच." आई म्हणाली, "तेच ते. लिही. पोर तिकडे पोचत असेल तर मी मोलकरीण होते म्हणून लिही, मला काय. देवाला माहीत आहे." डॉर्कसने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ भांडी घासत होती. भांडी तशी नव्हतीच फार.

राहिला फ्रिम्पाँग. तो फोन उचलेना. तेव्हा मी रजा टाकली आणि कुमासीला गेलो.

सुआमेत तुम्ही गेला असाल तर माहीत असेल, तिथे माणूस चढ्या आवाजातच बोलायला शिकतो, कारण चहूकडे हातोडे. फ्रिम्पाँग दुकानात टायरवर बसला होता. मला बघून उठला नाही. "या, मेव्हणे," म्हणाला, "इंग्लंडहून माझं बापपण काढून घ्यायला आलात? बसा, त्या गिअरबॉक्सवर बसा."

मी बसलो. ऑइलचा डाग पडला पँटला, तो अजून आहे. मी सांगितलं सगळं. तो ऐकत एक स्पार्क प्लग पुसत होता, पुसलेलाच पुन्हा पुसत होता. मग म्हणाला, "हे बघा. गावात माझी काय किंमत आहे ते मला माहीत आहे. बायको परदेशी गेली आणि हा इथे टायरवर बसून राहिला, असं म्हणतात. तेवढी एक गोष्ट माझ्याकडे आहे, की मी सेरवाचा बाप आहे. आठव्या दिवशी तिला अंगणात आणलं, तिच्या जिभेवर पाण्याचा थेंब मी ठेवला, नाव मी दिलं. माझ्या आईचं नाव. आणि आता मी सही करून देऊ, की मी बेजबाबदार आहे?"

मी म्हटलं, "बेजबाबदार नाही रे. जबाबदार नाही, एवढंच."

"यात फरक काय?"

मिसेस हार्ग्रीव्हलाच माहीत तो फरक. मी म्हटलं, "नियम चांगला आहे, तुझ्यासाठीच आहे, तुझ्याकडून कुणी पोर पळवू नये म्हणून." तो हसला. म्हणाला, "वा. म्हणजे माझं संरक्षण करायचं म्हणून माझ्याकडूनच लिहून घेतात, की माझं काही नाही."

तेवढ्यात सेरवा आली. मी तिला बोलावलं नव्हतं, आईने पाठवली होती, दोघांसाठी डबा घेऊन. उंच झालीय, बापासारखं कपाळ. तिने डबे उघडले, फुफूचे मऊ गोळे, बकऱ्याचं सूप, आणि हात धुवायला पाणी आधी बापाला दिलं, मग मला. मी मनात म्हटलं, चला, इथेही कमी मामा. जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हटलात तरी मी रागावणार नाही. मी इथेच कॉलेजला जाईन." अगदी साधं. रडणं नाही, लाडीगोडी नाही.

फ्रिम्पाँगचा घास हातातच राहिला. मग तो माझ्याशी बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. "ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरने माझ्यासमोर कागद धरला होता, मेव्हणे. म्हणाला, तुम्ही वडील ना, करा सही. पेन घेतलं मी हातात. पण ते कागदाला टेकेना. वाटलं, काही बरंवाईट झालं तर… म्हणून मीच म्हटलं, तिच्या आईला विचारा. ती तिकडे, पाच हजार किलोमीटरवर, पण तिचा आवाज हलला नाही." सूप थंड झालं होतं. "तेव्हाच मला कळलं होतं, जबाबदारी कुणाची आहे ते. कागदावर लिहायचं राहिलं होतं."

त्याने हात धुतले, कागद घेतला आणि लिहिलं. ऑपरेशनची गोष्टही लिहिली, कागदाला न टेकलेल्या पेनासकट. मध्येच थांबून विचारलं, "ती वकील काय म्हणाली, प्रेम चालतं?" मी म्हटलं, चालतं. "मग ते मोठ्या अक्षरात लिहितो," म्हणाला. लिहिलंही. खाली नुसती सही.

सेरवा तोवर डबे धुवायला मागे नळावर गेली होती. पण बराच वेळ आलीच नाही.

व्हिसा आला. वाढदिवस तोंडावर असताना आला. विमानतळावर डॉर्कस आणि सेरवा भेटल्या, आणि तुम्हाला वाटेल गळ्यात गळे… घातले, पण कसे, तर दोन पाहुण्या घालतात तसे. कुठला खांदा कुठे ठेवायचा तेच कळेना. गाडीत सेरवा म्हणाली, "तुमचं घर लांब आहे का?" तुमचं.

पहिल्याच दिवशी डॉर्कसने भेंडीचं सूप केलं, भरपूर, तीन माणसांना पुरेल एवढं. सेरवाने दोन घास खाल्ले आणि वाडगं बाजूला सरकवलं. मग काय केलं असेल डॉर्कसने? आईला फोन. "आई, ही भेंडी खात नाही का?" आई म्हणाली, "कधीच नाही. अंगावर पुरळ येतं. आणि खिडकी उघडी ठेव, बंद खोलीत तिला झोप लागत नाही." सरकारच्या दृष्टीने जी एकटी जबाबदार, ती वहीत लिहून घेत होती आणि जिने सांगकामी म्हणून लिहून दिलं होतं, ती तिकडून सांगत होती. मी कोपऱ्यात बसून भेंडीचं सूप संपवत होतो. चांगलं झालं होतं.

हळूहळू रुळल्या. एकदा डॉर्कस रात्रपाळी करून आली तर सेरवाने तिच्यासाठी पेज करून ठेवली होती, आलं घालून, आमच्या आईसारखी. डॉर्कस मला म्हणाली, "दादा, तिने मला 'जेव' म्हटलं. 'जेवा' नाही." एवढंच सांगायला फोन केला होता.

मग आला कॉलेजचा प्रश्न. डॉर्कसला वाटे, नर्सिंग. पण एकटीने ठरवायची भीती वाटली म्हणा, किंवा सवय गेली नाही म्हणा, तिने रविवारी सगळ्यांना एकत्र फोनवर घेतलं. आई, फ्रिम्पाँग, मी. नवराबायको किती वर्षांनी एकमेकांशी सरळ बोलत होते. आई म्हणे, शिक्षिका. फ्रिम्पाँग म्हणे, हिशेबनीस, बसून काम. मी म्हटलं, वकील, कारण या देशात त्यांचंच चालतं. अडीच तास. आवाज चढले, आई एकदा फोन ठेवून गेली, पुन्हा आली. आणि सेरवा बाजूला बसून नखं कापत होती. शेवटी फ्रिम्पाँगच म्हणाला, "अगं, तिला विचारा."

सेरवा म्हणाली, "मी परवाच नाव घातलं. इथे समुद्रात पवनचक्क्या आहेत ना, त्यांच्यावर चढून दुरुस्ती करायचं शिकवतात."

आईला पवनचक्की म्हणजे काय ते सांगावं लागलं, आणि किती उंच ते सांगताना मी जरा कमीच सांगितलं. डॉर्कस म्हणाली, "कुणाला विचारून?" सेरवा म्हणाली, "आई, मी अठराची झाले."

बरोबरच आहे. तोही नियमच, आणि नियम चांगलाच आहे. डॉर्कसच्या एकटीच्या नावावर जबाबदारी करता करता तीन माणसांनी आपली नावं खोडली, आणि ती तिला लाभली किती, तर जेमतेम एक उन्हाळा.

आता काय, पोरगी वर चढते, आम्ही खाली. मी सकाळी बस काढायच्या आधी वाऱ्याचा अंदाज बघतो. डॉर्कस वॉर्डात धुण्याच्या खोलीत जाऊन बघते. आणि सुआमेहून रोज फोन येतो, मागे हातोडे चाललेले असतात, "मेव्हणे, आज तुमच्याकडे वारा फार आहे म्हणे?"

मी म्हणतो, आहे थोडा.