तिसऱ्या फळीवरचं सोडून

...नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या, कारण तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं झाली, येईल त्या गिऱ्हाइकाला मी बजावतोय, बाबांनो, सील बघा, बॅच नंबर बघा, तारीख बघा, आणि तोंडाला लावायची वस्तू मोबाईलवरून मागवू नका! आणि मागवली कुणी? मी! सुरकुत्यांचं क्रीम! आणि मी औषधांच्या दुकानात बसतो!

तुम्ही म्हणाल, अहो, ते तर तुमच्याच दुकानात असेल. आहे ना! माझ्या पाठीमागे, तिसऱ्या फळीवर, सहा डब्या, अस्सल! पण दुकानातला माल सांभाळते माझी ताई. एक डबी हलली की, "अरे, हे कुणी नेलं रे? सुरकुत्यांचं? कोण आलं होतं?" काय सांगणार होतो? मी नेलं? बावन्नाव्या वर्षी? का, तर एक बाई, चांगली माझ्याच वयाची, मला म्हणाली, "आजोबा, खोकल्याचं औषध द्या"? लाज वाटते हो माणसाला!

तर मागवलं. निम्म्याहून कमी किमतीत. विकणाऱ्याचं नाव बापजन्मात ऐकलेलं नाही, पण खाली लोकांनी काय काय लिहिलेलं... 'जादू आहे जादू!', 'नवऱ्याने ओळखलंच नाही!' सगळ्यांची भाषा एकसारखी, तारीखही एकच. मला दिसलं नाही? दिसलं! डबी आली, तर खोक्यावर एक बॅच नंबर, डबीवर दुसराच. सीलचा पत्ता नाही. आत पिवळट काहीतरी, आणि वास फरशी पुसायच्या पाण्याचा. गिऱ्हाइकाने आणून दाखवली असती ना, तर लांबूनच ओरडलो असतो, फेका ते! स्वतःची होती म्हणून म्हटलं, नवीन पॅकिंग असेल. लावलं. गाल चरचरले. म्हटलं, गुण येतोय! आणि मी औषधांच्या दुकानात बसतो!

दोन दिवस लावलं, आणि डबी ठेवली दाढीच्या सामानामागे. तिसऱ्या दिवशी ताईने तिथे आवराआवर केली. डबी सापडली, आणि बाईसाहेबांनी सील बघितलं नाही, काही नाही, भावाने आणलंय ना, मग बघायचं काय? सरळ चेहऱ्याला चोपडलं. तासाभरात चेहरा लालबुंद, डोळे सुजून बारीक. घेऊन पळालो डॉक्टरीणबाईंकडे.

त्यांनी डबी उलटीपालटी केली. "हे कुठून घेतलं?"

आणि ताई, डोळे मिटायला आलेले, पण मान ताठ, "आमच्या दुकानातलं असणार. भावाने आणलंय माझ्या."

"मग तुमच्या दुकानात बनावट माल येतोय."

झालं! त्यांच्या खोलीचं दार धड लागत नाही, आणि बाहेर बाकावर बसलेली निम्मी मंडळी आमचीच गिऱ्हाइकं! वडिलांनी सुरू केलेलं दुकान हो, आजवर बोट दाखवलं नाही कुणी. ताई माझ्याकडे बघायला लागली... रागाने नाही, तेच तर! सांग ना त्यांना, आपल्याकडे असलं काही नसतं म्हणून, अशी. गप्प बसलो तर दुकान गेलं, बोललो तर मी गेलो. बोललो. "दुकानातलं नाही. माझं आहे. मी लावतो. चोरून मागवलं." बाहेर कुणीतरी खोकलं, खोटं खोटं. आणि मी औषधांच्या दुकानात बसतो!

दुकानापाशी आल्यावर ताई म्हणाली, "अरे, मागितलं असतंस तर मी दिलं नसतं का?" तिने थोबाडीत मारली असती ना, तर बरं वाटलं असतं मला!

आता चार दिवस झाले, ती सुजलेल्या तोंडाने गल्ल्यावर बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "नाही हो, आपल्या दुकानातलं नाही! ह्याने बाहेरून मागवलं, सुरकुत्यांसाठी!" दुकानाची अब्रू अगदी शाबूत आहे, मी काही बोलू शकतो का?

काल एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "ते... सुरकुत्यांचं... जरा कागदात गुंडाळून द्याल?" मला त्यांचं दुःख कळलं हो! गुपचूप गुंडाळलं, त्यांना संकोच नको म्हणून मान वर केली नाही, तेवढ्यात ताईचा आवाज आला, "अरे, लाजतायत बिचारे! त्यांना सांग ना, तू पण लावतोस!"

सांगितलं.