पहाडावरचे वास्ते

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर सुलोचनाबाई तुमसरच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. बाजूला मलेशिया फिरून आलेला अनुप नावाचा तरुण आपल्या बहिणीला सहलीचं सांगत होता.

“पहाडावर काय थंडी होती, टीना! जिकडंतिकडं चहाचे मळे. एका खेड्यात जेवाले थांबलो, त ताटात काय? वास्ते!”

“आपले वास्ते? बांबूच्या कोंबांची भाजी?”

“हो ना! आमची बोली ऐकून वाढणारा रडालेच लागला. म्हणे, मी आंबागडचा कैलाश.”

“काय सांगून राहिला, दादा! मंग गावाले काहून नाई येत तो?”

“मीबी तेच इचारलं. म्हणे, कोणासाठी येऊ? बाप लहानपणीच गेला, अन् मायले मरून सात वर्षं झाले.”

सुलोचनाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

“मावशी, काय झालं? पाणी देऊ का?” टीनानं विचारलं.

“मी मेली, असं म्हणाला तो? सोताच्या तोंडानं?”

अनुप उठून उभाच राहिला.

“तुम्ही... कैलाशभाऊची माय?”

“सात वर्षांपासून फोन नाई त्याचा. फोटो हाय का, बापू?”

अनुपनं फोन पुढे केला. चुलीजवळ कैलाश, त्याची बायको आणि दोन लहान पोरी उभ्या होत्या. सुलोचनाबाईंनी काचेवर दोनदा बोट टेकवलं, तसा धाकटीचा चेहरा मोठा झाला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“एवढ्या थंडीत पोरीच्या अंगात स्वेटर काहून नाई रे?”