जमिनीखाली जावई

...अहो पण घरात बोलायला काय झालं होतं? खुर्च्या आहेत, पंखा आहे, दार लावायची सोय आहे! पण नाही. आमचे सासरे पडले खाणीतले भूशास्त्रज्ञ, त्यामुळे घरातलं महत्त्वाचं बोलणं जमिनीच्या पोटात, "तिथे कोणी मध्ये तोंड घालत नाही" म्हणून! तुम्हाला सांगतो, माणसानं जमिनीच्या वरच राहावं.

आणि माझं बोलणं ते केवढं? एवढंच, की बाबा, लग्नानंतर थोडे दिवस म्हणून तुमच्याकडे राहिलो, आता आम्ही वेगळं बिऱ्हाड करतो. दोन खोल्या बघून ठेवल्यात, घरमालक संध्याकाळपर्यंतच थांबणार. निघताना हिनं बजावलं, "आज सांगितल्याशिवाय वर येऊ नका." वर! म्हणजे मी खाली जाणार हे हिनं धरूनच चाललेलं...

खाणीत उतरवणारा तो लिफ्टचा पिंजरा खाली निघाला आणि माझं पोट वरच राहिलं. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर दिवा, आणि सासरे बागेत फिरायला आल्यासारखे पहारीनं छत ठोकतायत. "ठण्ण वाजलं की पक्कं, जावईबापू. आणि डब वाजलं की..." डब. "जरा इकडे सरका." जरा? अहो, मी भिंतीत शिरायला तयार होतो!

कसंबसं तोंड उघडलं, "बाबा, ते आमचं..." तर हे भिंतीवरून मायेनं हात फिरवत, "हा पाटीचा दगड आधी कोण होता, माहितेय? चिखल! समुद्राच्या तळाचा. वर थरांवर थर चढले, खालून धग लागली, चहूकडून दाब... पण वितळला नाही हं! वितळला असता तर तो वेगळ्या घराण्याचा खडक. हा घट्टच राहिला, आणि आतल्या आत एकेक कण दाबापुढे आडवा होऊन रांगेत बसला. चुनखडीचा संगमरवर होतो तोही असाच. रूपांतरित खडक म्हणतात याला!" आणि हे सगळं कुठे, तर त्या डब वाजलेल्या छताच्या शेजारी! वर अख्खा डोंगर, अंगाला घामाच्या धारा, समोर सासरे... मला माझे कण सरकताना जाणवत होते हो! तुम्हाला सांगतो, माणसानं जमिनीच्या वरच राहावं.

तेवढ्यात पाण्याचा पंप सुरू झाला. घरघर अशी की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. सासरे कानाशी येऊन ओरडले, "मग आता कायमचे राहताय ना आमच्याकडे?" मला म्हणायचं होतं, नाही! पण भीतीनं दातखीळ बसलेली, आणि मान लागली लटलटा हलायला... वर-खाली, वर-खाली. आणि तिथली पद्धत काय, तर एवढ्या आवाजात माणसं दिव्यानं बोलतात. उजेड आडवा फिरला की नाही, वर-खाली झाला की हो. समोरच्या भिंतीवर माझा उजेड नुसता नाचतोय, हो, हो, हो, हो... सासऱ्यांनी मला मिठीच मारली.

वर आलो तर दाराशी ही उभी. "सांगितलंत?" आता हिला काय सांगू? की मी बोललोच नाही, दिवा बोलला? खोल्या गेल्या. हिनं बांधलेलं सामान धाडधाड पुन्हा कपाटात कोंबलं. सासरे मात्र खुशीत, पाठीवर थाप मारून म्हणतात, "घाई नको, जावईबापू. या गोष्टींना लाखो वर्षं लागतात."

माझी आत्ता कुठे तीन झालीत.